ह्यांचं प्रोस्टेट आणि आमचा संसार

रानजाई

इथल्या आरोग्य विभागात प्रोस्टेटवर, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीवर, शोधलं तर दोनच प्रकारचे धागे सापडतात. ‘बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन आहे, पुण्यात कोण चांगलं?’ हा एक, आणि ‘लघवीला जळजळ, घरगुती उपाय सांगा’ हा दुसरा. बायकोच्या बाजूनं लिहिलेलं काहीच दिसलं नाही, म्हणून लिहितेय. आयडी नवा काढलाय, कारण जुन्यावर सासरची निम्मी मंडळी आहेत.

हे ६४ वर्षांचे, मी ५९, राहायला पुण्यात. हे बँकेतून निवृत्त. बीपीची एक गोळी सोडली तर प्रकृती खणखणीत. काही वर्षांपूर्वी ह्यांनी आधी लग्नकार्यं टाळायला सुरुवात केली. सांगलीला जायचं म्हटलं की ‘तू ये जाऊन, मला गर्दी सोसत नाही.’ नाटकाला कडेचीच खुर्ची हवी, आणि मध्यंतराची घंटा व्हायच्या आत हे बाहेर. घरातून निघताना एकदा जाऊन यायचं, चपला घातल्यावर परत एकदा. मी चिडायचे. मग रात्रीचं सुरू झालं. सारखं उठायचं, दिवा लावायचा नाही, खुर्चीला ठेचकाळायचं. दाराआडून येणारा आवाजही पूर्वीचा राहिला नाही. थोडं, मग काहीच नाही, मग परत थोडं, आणि त्यानंतर बराच वेळ सोडलेला नळ. ‘पाणी कशाला वाया घालवता’ म्हणून मी त्यावरही भांडलेय.

मग एक दिवस अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर गेलं. ‘तुझी झोपमोड नको.’ मी त्याचा अर्थ लावला तो कुठलीही बायको लावेल तोच, की आपण नकोशा झालो. त्यातच एकदा पहाटे उठले तर पायजमा धुऊन, पिळून, वॉशिंग मशीनच्या मागच्या दोरीवर मला दिसणार नाही असा वाळत घातलेला. जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस! तेव्हा माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

गेल्या डिसेंबरात सगळं फुटलं. सर्दी झाली म्हणून दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आणि दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण तुंबली. पोट टम्म, घामाघूम, पण कुणाला बोलावू देईनात. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून हॉस्पिटल. नळी घातल्यावर पिशवी भरायची थांबेचना. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून त्रास आहे? हे म्हणाले, ‘आठ-दहा दिवस.’ मी म्हणाले, ‘पाच वर्षं.’ दोघं एकदमच बोललो. डॉक्टरनं माझं लिहून घेतलं.

आता गोळ्या चालू आहेत, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र. धार सुधारली, रात्रीचं उठणं कमी झालं. पण माणूस खोलीत परतला नाही. मध्ये एकदा आपणहून जवळ आले आणि नंतर चेहरा इतका पडला की मलाच भीती वाटली. त्यानंतर पुन्हा दिवाण. काय झालं ते सांगत नाहीत. त्यात ऑपरेशनचंही चाललंय. हे आजाराचं आहे, गोळ्यांचं, की मनाचं? आणि विषय काढू कसा?

आगाऊ_कार्टा

काकू, नळ सोडला की लवकर होते हे आमच्या शाळेतसुद्धा सगळ्यांना माहीत होतं. काकांना दोष देऊ नका, पाणीपट्टीत सूट मागा. (दिवे घ्या, म्हणजे गंमतच समजा.)

तिखटजाळ

@आगाऊ_कार्टा, तुझीही पन्नाशी येईल. तेव्हा हा धागा शोधून वर काढणार आहे मी.

रानजाई, आयडी नवा काढावा लागला यातच सगळं आलं. पण एक कबूल करते, इथे तरी खरं बोलू. माझा नवरा वेगळ्या खोलीत गेला तेव्हा मला हुश्श झालं. पाळी गेल्यापासून मला कोरडेपणाचा त्रास, जवळ येणं म्हणजे दुखणं, आणि ते सांगायची सोय नाही. वर खोकला आला की गळतं ते वेगळंच. त्यांचं तुंबायचं, माझं गळायचं, आणि दोघंही एकमेकांची नजर चुकवून कपडे बदलायचो. पुरुषाचं प्रोस्टेट म्हटलं की सगळं घर त्याच्या मनाला जपायला लागतं. बाईच्या मूत्राशयाला कोण विचारतंय? डॉक्टरीण बाईंनी लावायचं साधं इस्ट्रोजेनचं क्रीम आणि ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम दिले, बराच फरक पडला. तुमच्या घरातही फक्त त्यांच्याच बाजूनं शोधू नका.

इथे कुणी डॉक्टर असतील तर माझाही एक सवाल. या गोळ्यांनी ‘तिथे’ काय होतं हे चिठ्ठी लिहिताना का सांगत नाहीत?

जुना_कंडक्टर

वैनी, आमी काय लई शिकल्याली माणसं न्हाई, पर ह्या शाळेत आमी तुमच्या म्होरं हाय. यष्टीत हयात काडली. घाटात गाडी, पाशिंजर फुल, उतरायची सोय न्हाई. डायवर-कंडक्टर दोगंबी दाबून धरायचं. बाया कंडक्टर आल्या तवा त्येंचं हाल तर बगवत नव्हतं, दिसभर पाणीच प्यायच्या न्हाईत. मला वाटतं आमचं प्रोस्टेट त्येच्यानंच वाडलं. डाक्टर काय म्हणत्यात बगू.

मंडळीला कळू द्यायचं न्हाई आसं मीबी ठरीवलं हुतं. एकदा पावण्यांच्यात मुक्काम पडला. संडास लांब परड्यात, वाटंवर कुत्री. रातच्याला हळूच उटलो तर ही बॅटरी घिऊन आदीच दारात हुबी. म्हणली, ‘चला, मलाबी जायाचं हाय.’ तिला काय जायाचं नव्हतं. ही भाईर हुबी ऱ्हायली, कुत्री हाकलत. परत येताना दोगंबी गप. तवापास्नं खाटंखाली दांडीचं भांडं ठेवलंय, मेडिकलात मिळतंय प्लास्टिकचं, टोपणाचं. सकाळी मी सोता टाकतो, सोता धुतो. तिला हात लावू देत न्हाई.

इषय काडायचा कसा म्हणून इचारता, तर काडूच नगा. बॅटरी घिऊन हुबं ऱ्हावा.

तिखटजाळ

कंडक्टर काका, __/\__

शल्यविशारद

या विषयातला शल्यचिकित्सक आहे. तपासल्याशिवाय कुणाच्याही गोळ्या बदलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कंडक्टर साहेब, दाबून धरल्यानं प्रोस्टेट वाढत नाही. वाढतं ते वयानं आणि पुरुषी हार्मोनमुळे. साठीच्या आसपास साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढे दहातल्या आठ-नऊ जणांत. त्रास मात्र सगळ्यांना होत नाही. आणि आकारावर जाऊ नका. सोनोग्राफीत ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन मजेत फिरणारे आहेत आणि ३० ग्रॅमवर रात्र रात्र जागणारेही आहेत. ग्रंथी मूत्रनलिकेभोवती असते, त्यामुळे ती कुठल्या दिशेनं वाढली यावर बरंच अवलंबून.

रानजाई, तुमच्या यजमानांची लघवी सर्दीच्या गोळीनं तुंबली असण्याची शक्यता भरपूर. त्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतं, आणि सोबतचं ॲलर्जीचं औषध मूत्राशयाला ढिलं पाडतं. हिवाळ्यात कॅज्युअल्टीत असे रुग्ण नेहमी येतात. औषधाच्या दुकानात ‘मला प्रोस्टेट आहे’ एवढं सांगितलं तरी पुरे, पण चारचौघांत ते कोण सांगणार!

आता मूळ प्रश्न. टॅमसुलोसिन तेच स्नायू सैल करतं, म्हणून धार सुटते. पण संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर यायला तिथली हालचाल नीट व्हावी लागते. या गोळीनं वीर्य फार कमी येतं, कधी कधी अजिबात येत नाही. याच प्रकारच्या सिलोडोसिन गोळीनं हे आणखी जास्त होतं, अल्फुझोसिननं बरंच कमी. सुख मिळतं, पण कोरडं. आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो. यात धोका काही नाही, आणि गोळी थांबवली की पूर्ववत होतं. ड्युटास्टेराइडचं काम वेगळं. ते ग्रंथी हळूहळू आकसवतं, गुण यायला सहा महिने लागतात, आणि काही जणांत इच्छा आणि ताठरता दोन्ही कमी करतं. या गोळीवर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) साधारण निम्मा दिसतो, तेव्हा रिपोर्ट वाचणाऱ्याला गोळीचं नाव सांगायला विसरू नका. मनानं कुठलीच गोळी बंद करू नका, परत तुंबेल.

ऑपरेशन दुर्बिणीतून असेल, म्हणजे मूत्रमार्गातून ग्रंथी खरवडणारी टीयूआरपी, तर जवळपास दोन तृतीयांश पुरुषांना पुढे वीर्य मूत्राशयात उलटं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. हे बहुधा कायमचं. ताठरतेला सहसा धक्का लागत नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि ‘ऑपरेशननं नवरा संपला’ अशी आवई उठते. वीर्य राखणाऱ्या नव्या पद्धतीही आहेत, पण त्या प्रत्येक ग्रंथीला चालत नाहीत आणि खर्चिक आहेत. विचारा मात्र जरूर.

@तिखटजाळ, का सांगत नाहीत? तीन मिनिटांची ओपीडी, दार अर्धं उघडं, आणि सोबतीला मुलगा नाहीतर सून. मुलासमोर बाप काय विचारणार आणि मी काय बोलणार? नुसता वेळेचा प्रश्न असता तर समजू शकलो असतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांची समजूतच अशी की साठीनंतर हे सगळं आटोपलेलं असतं. ती साफ खोटी. २००३ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. अमेरिका आणि सहा युरोपीय देशांतल्या ५० ते ८० वयाच्या बारा हजारांहून जास्त पुरुषांना विचारलं होतं. बहुतेकांचं कामजीवन चालू होतं. लघवीचा त्रास जितका जास्त तितक्या त्यातल्या तक्रारी जास्त, आणि वय, मधुमेह, बीपी, हृदयविकार बाजूला काढून बघितलं तरी हा संबंध टिकला.

एक कागद सुचवतो. आयपीएसएस नावाची प्रश्नावली आहे, सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. आठवा प्रश्न वेगळा मोजतात. ‘उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल?’ मला बाकीच्या सातांपेक्षा त्याच उत्तरावरून जास्त कळतं.

नवाकोरा

मी ३३ वर्षांचा, लग्न नुकतंच झालंय, म्हणून इथे लिहू की नको असं वाटत होतं. वृषणांच्या मागे, बसतो त्या जागी सतत ठणकतं. संबंधानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत दुखतं. म्हणून टाळतो. बायकोला वाटतं घरच्यांच्या सांगण्यावरून लग्न केलं, मनात दुसरी कोणी आहे. तिकडे आई ‘गोड बातमी कधी’ विचारते. रेल्वेच्या भिंतीवरच्या जाहिरातीतल्या एका दवाखान्यात गेलो, त्यानं ‘धातू जातोय, उष्णता झालीय’ म्हणून महिन्याभराचं चूर्ण दिलं आणि बराच पैसा घेतला. नंतर फॅमिली डॉक्टरकडून अँटिबायोटिक्स झाली, मग परत झाली. हेही प्रोस्टेटच का? बायकोला संसर्ग होईल का?

शल्यविशारद

असू शकतं. तरुणपणी प्रोस्टेटची वाढ नसते, पण त्या भागातलं जुनाट दुखणं असतं, आणि त्यातल्या बहुतेकांत जंतू सापडत नाहीत. सापडले नाहीत तर अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स करण्यात अर्थ नसतो. बऱ्याचदा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात. तासन्‌तास बसणं, बद्धकोष्ठ, ताण यांनी ते वाढतं. अशा रुग्णाला मी स्नायू आवळायचे व्यायाम सांगत नाही, सैल सोडायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गाठायला सांगतो. लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतूंची तपासणी) करून घ्या, आणि मूल हवं असेल तर वीर्यतपासणीही. जंतू नसतील तर पत्नीला यातून काही होत नाही. तिला सोबत न्या आणि हे तिला डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या. आणि हो, वीर्य जाण्यानं शक्ती जात नाही.

आगाऊ_कार्टा

@नवाकोरा, मित्रा, त्या भिंतीवरच्या डॉक्टरकडे मीही जाऊन आलोय, वेगळ्या कारणानं. मलाही तेच चूर्ण मिळालं. बहुतेक सगळ्यांना एकच डबा.

पैलतीर

उशिरा लिहितेय, इकडे न्यू जर्सीत रात्र होती. बोललं की सुटतं असा एक सूर इथे लागलाय. मला तो पूर्ण पटत नाही.

माझ्या नवऱ्याला कॅन्सर होता, म्हणजे रानजाईंपेक्षा वेगळी गोष्ट. आधी बरेच दिवस दुकानातल्या सॉ पामेटोच्या (एका ताडाच्या फळांच्या अर्काच्या) कॅप्सूल घेऊन झाल्या. (पुढे डॉक्टरांनी सांगितलं की २००६ साली अमेरिकेतच झालेल्या चाचणीत त्या आणि बिनऔषधाच्या गोळ्या यांच्यात काही फरक आढळला नव्हता.) मग पीएसए वाढत गेला, बायोप्सी, आणि संपूर्ण ग्रंथी काढली. इथे ऑपरेशनच्या आधी आम्हा दोघांना बसवून, प्लास्टिकचं मॉडेल हातात देऊन सगळं सांगितलं. लघवीवरचा ताबा जाईल, बहुतेक काही महिन्यांत परत येईल. ताठरतेच्या नसा वाचवायचा प्रयत्न करू, पण त्या जाग्या व्हायला दोन वर्षंही लागू शकतात. वीर्य कायमचं बंद, तरी परमोच्च क्षण येऊ शकतो. काही लपवलं नाही, आम्हीही एकमेकांपासून काही लपवलं नाही.

आणि तरी अंतर पडलंच. मी सतत विचारायचे. आज किती पॅड लागले? व्यायाम केलास? ओलं वाटतंय का? मंडळाच्या गणपतीत आरतीला उभं राहिल्यावरसुद्धा मी त्याच्या पँटकडे बघत होते आणि त्यानं ते बघितलं. घरी येताना गाडीत म्हणाला, ‘तू माझी बायको हो ना परत, नर्स पुरे.’ नंतर मी विचारणं सोडलं. त्याच्या पॅडचं कपाट वेगळं केलं, विकत आणणं त्याच्याकडे. त्याला वाटलं तर सांगतो. आमच्यात जे थोडंफार परत आलं ते मी गप्प बसायला लागल्यावर. त्यामुळे कंडक्टर काकांना माझं अनुमोदन.

तिखटजाळ

पण पैलतीर, तुमच्यात आधी सगळं बोलून झालं होतं. रानजाईंच्या घरी सुरुवातच झालेली नाही. जे कधी बोललोच नाही त्यावर गप्प बसणं वेगळं आणि बोलून झाल्यावर गप्प बसणं वेगळं. ही पाच वर्षं गप्प बसण्यातच तर गेली.

पैलतीर

हे मान्य.

रानजाई

सगळ्यांचे आभार. बरेच दिवस आले नव्हते, कारण घरात महायुद्ध चालू होतं.

प्रश्नावलीची प्रिंट काढली, दोन प्रती. एक ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली, एक मी घेतली. म्हटलं, हॉस्पिटलात जायच्या आधीचे दिवस आठवा आणि भरा, मी पण तुमच्या वतीनं भरते. ह्यांची बेरीज १२ आली, माझी २३. ‘तू रात्री माझ्या फेऱ्या मोजत होतीस?’ म्हणून जो आवाज चढला! मी म्हटलं, पलीकडच्या खोलीत झोप लागत होती का मला? मग आठव्या प्रश्नाला त्यांनी काय खूण केली ते बघितलं. ‘समाधानी’. हातातलं पेन घेऊन मी तिथे काट मारली. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग शल्यविशारदांचा तो कोरडं सुख म्हणतात तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना माझाच आवाज फाटत होता. हे म्हणाले, ‘मला वाटलं आत काहीतरी फुटलं. कॅन्सरच असणार. तुला सांगितलं असतं तर तू मुलीला बोलावून घेतलं असतंस.’ ते खरं आहे, बोलावलंच असतं. आणि पायजम्याबद्दल म्हणाले, ‘तुला वास येईल असं वाटायचं.’ आता वास येतो का, तर कधी कधी येतो. तेही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी स्वतः मेडिकलमध्ये जाऊन पॅडचं पाकीट आणलं, पेपरात गुंडाळून.

डॉक्टरांकडे दोघं गेलो, मुलाला नेलं नाही. त्यांनी लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीवर बघितलं, आता फार उरत नाही. टॅमसुलोसिनऐवजी अल्फुझोसिन लिहून दिली आणि तीन महिन्यांनी बोलावलंय. तोवर ऑपरेशन नाही. संध्याकाळी सातनंतर चहा बंद, पाणी घोटभर. बीपीची गोळी लघवी वाढवणारी निघाली, ती रात्री घेत होते, ती सकाळवर आणली. एवढं साधं पाच वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. तिखटजाळ म्हणाल्या तसं मी स्वतःही तपासून घेतलं, ते वेगळ्या धाग्यावर लिहीन.

दिवाण अजून हॉलमध्येच आहे. खरं सांगायचं तर मला आता अख्ख्या पलंगाची सवय झालीय, तडजोड चालू आहे.

आता एक विचारते. मावसभाऊ ह्यांना म्हणाला की टॅडालाफिलची रोजची छोटी गोळी लघवीला आणि ‘त्याला’, दोन्हीला चालते. खरं का? आणि पुढच्या महिन्यात मुलीकडे रत्नागिरीला जायचंय, बसनं न्यायचं की नाही?

शल्यविशारद

ताठरतेसाठीची ही ५ मिलिग्रॅमची रोजची गोळी प्रोस्टेटसाठीही वापरतात, अमेरिकेत २०११ पासून तिला तशी मान्यता आहे. पण मावसभावाच्या डबीतली उचलून घेऊ देऊ नका. हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी ती घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरतो. बीपीची गोळी आणि अल्फुझोसिन चालू असतानाही जपूनच, उठताना चक्कर येऊ शकते. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. यजमानांचं मोतीबिंदूचं वगैरे काही ठरलंय का?

जुना_कंडक्टर

बसनं नगा नेऊ वैनी. गाडी थांबंल तितंच जायाचं, आन घाटात थांबत न्हाई. कोल्लापुरास्नं बसच हाय, पर तुमी पुण्याच्या, रेल्वेनं फिरून जावा. डब्याच्या टोकाची खालची सीट घ्या, संडासाच्या जवळ. वास येतोय थोडा, पर जीव निवांत.

रानजाई

डॉक्टर, मोतीबिंदूचं तुम्हाला कसं कळलं? दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं आहे!

शल्यविशारद

या वयात अंदाज बरोबर येतो, एवढंच. टॅमसुलोसिन घेतलेल्यांच्या डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी लुळा पडू शकतो, गोळी बंद करून बरेच दिवस झाले असले तरी. आधी माहीत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर तयारीनं उतरतात, फारसा प्रश्न येत नाही. तेव्हा आधीची आणि आत्ताची, दोन्ही चिठ्ठ्या घेऊन जा.